सोमवारच्या आत

हेमावहिनीचे कपडे आई बॅगेत कोंबत होती. घडी घालायचीही तसदी घेत नव्हती. लग्नातला शालू, रोजच्या साड्या, फणी, पावडरचा डबा, सगळं एकावर एक. वहिनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. तिला हे सगळं दिसत होतं.

“आई, काय चाललंय हे?” मी विचारलं.

“गुरुजी येतायत दुपारपर्यंत. लेकीला न्यायला.”

“आज? अगं, दादाचं तेरावं व्हायचंय अजून!”

“म्हणूनच,” आई म्हणाली. तिने बॅगेची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. “आबाभावजींनी सांगितलंय, तेराव्याला तिची सावली नको. माझ्या पोराला तिचा मंगळ गिळून बसला गो. निदान तेराव्याचा घास तरी त्याला सुखाने मिळू दे.”

वहिनीच्या सुपातले तांदूळ थांबले. मग पुन्हा हलायला लागले.

दादाला जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. मी रत्नागिरीला कॉलेजच्या वसतिगृहात होते. परीक्षा चालू होती. निरोप मिळाला तेव्हा मिळेल ती एसटी पकडून सडेबंदरला आले आणि पोचले ती थेट स्मशानाच्या वाटेवरच. गेले तीन-चार दिवस मी त्या घरात एकच शब्द ऐकत होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई ओटीवर बसायची, डोळ्याला पदर लावायची, आणि निघताना आईच्या कानाशी लागून तोच शब्द बोलायची. मंगळ. वहिनीच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ होता आणि आमच्या सगळ्या बंदराला तो अचानक आठवला होता.

लग्नाच्या वेळी हाच मंगळ कोणाला अडवू शकला नव्हता.

वहिनी मच्छीमार सोसायटीत कारकून म्हणून लागली होती. राजापूरकडची. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. आमची बर्फाची फॅक्टरी सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर, आणि सोसायटीच्या बोटींना बर्फ आमचाच जायचा. एरवी बर्फाच्या गाडीबरोबर कधी न जाणारा माझा दादा, जयवंत, एकाएकी रोज गाडीवर बसून जायला लागला. एकदा त्याने बर्फ गोठवायच्या डब्यात पाणी भरताना आत अबोलीचा गजरा सोडला आणि ती गोठलेली लादी सरळ सोसायटीच्या दारात नेऊन ठेवली. काचेसारख्या बर्फात केशरी फुलं. सगळे खलाशी गोळा झाले. वहिनी बाहेर आली, तिने लादीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, “पावती फाडू का याची?” दादा ही गोष्ट मला सांगताना पोट धरून हसायचा.

पत्रिका बघितली तेव्हा आबाकाका ओटीवर येऊन बसले. आबाकाका म्हणजे भाऊंचे चुलत भाऊ, आमच्या भावकीतले वडीलधारे. कोणाचं लग्न, कोणाची वाटणी, कोणाचं सुतक, सगळं त्यांच्या शब्दाने चालायचं. ते म्हणाले, “यशवंता, ही पोरगी केलीस तर पोराला मुकशील.”

आणि माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, खो खो हसले होते. “आबा, आकाशातल्या मंगळाला दुसरं काम नाही का? तो माझ्या जयाच्या वाईटावर कशाला उठेल? पत्रिका राहू दे, पोरगी बघ. हिशेबाला चोख आहे. मला अशीच सून हवी.”

लग्न झालं. दोघं सुखात होती. मी सुट्टीत यायचे तेव्हा संध्याकाळी ती दोघं जेटीच्या टोकाला जाऊन बसलेली दिसायची. आई कुरकुरायची की बंदरात सगळे बघतात. दादा म्हणायचा, “बघू देत, फुकट आहे.” दीड वर्ष टिकलं ते सुख.

म्हणून त्या दिवशी मला आईपेक्षा भाऊंचं नवल वाटत होतं. मंगळाला हसणारे माझे भाऊ ओटीवर झोपाळ्यावर बसून होते आणि गेल्या तीन-चार दिवसांत कोणी मंगळ म्हटलं की खाली मान घालत होते. एकदाही “गप्प बसा” म्हणाले नव्हते.

मी वहिनीजवळ जाऊन बसले. “तू जाणार आहेस?”

“पाठवतायत.”

“पाठवतायत म्हणजे? तू काय पार्सल आहेस? तुझं घर आहे हे. तेरावं झाल्याशिवाय कोणी बाईला असं काढतं का? रीत तरी आहे का ही?”

“चित्रा, हळू बोल.”

“का हळू बोलू?”

तिने सूप बाजूला ठेवलं. तिचे डोळे अजून लाल होते. काही रडून, आणि काही त्या दिवशीच्या गॅसने. दादाला फॅक्टरीच्या दारातून ओढून बाहेर काढणाऱ्यांत तीही होती.

“काल रात्रभर मी विचार करत होते,” ती म्हणाली. “खरंच असलं तर? माझ्यामुळेच झालं असेल तर? त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर आज ते...”

“वहिनी!” मी ओरडलेच. “तू शिकलेली आहेस ना? गॅस सुटला फॅक्टरीत. मंगळावरून आला का तो गॅस?”

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

त्या गॅसचं सांगते. बर्फाच्या फॅक्टरीत पाणी गोठवायला अमोनिया लागतो. नळ्यांमधून तो फिरत असतो. त्या वर्षी मशीनरूममधला एक मोठा व्हॉल्व्ह गळत होता. हे मला ठाऊक होतं, कारण होळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा फॅक्टरीच्या बाजूने जाताना डोळ्यांतून पाणी आलं होतं. बंदरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कामगार त्या व्हॉल्व्हला ओलं गोणपाट गुंडाळायचे, वास जरा दबायचा. दुरुस्ती करायची तर सगळा प्लँट बंद करून गॅस काढून घ्यावा लागला असता. तेवढे दिवस बर्फ नाही. बर्फ नाही म्हणजे बोटी दुसऱ्या बंदराच्या फॅक्टरीकडे वळणार. भाऊंचं एकच पालुपद होतं, “सीझन संपू दे, पावसाळ्यात करू.” शेवटी एका सकाळी बोटी बर्फासाठी लागलेल्या असताना तो व्हॉल्व्ह उडाला. कामगार पळून बाहेर आले. आत कोणीही उरलं नव्हतं. दादा आत गेला, गॅसची लाइन बंद करायला. आणि तो चालत बाहेर आलाच नाही.

एवढं मला माहीत होतं. एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. तरी ओटीवर मंगळ.

“आणि एवढी घाई कसली?” मी वहिनीला विचारलं. “आबाकाका सारखे म्हणतायत, सोमवारच्या आत निघालेली बरी. सोमवारी काय आहे?”

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला हे माहीत असणारच असं ती धरून चालली होती.

“सोमवारी फॅक्टऱ्यांचे निरीक्षक साहेब येणार आहेत,” ती म्हणाली. “चौकशीला. सगळ्यांचे जबाब घेणार आहेत. माझाही.”

“तुझा?”

“तुला ठाऊक नाही? आदल्या रात्री जेवताना भाऊंचं आणि त्यांचं भांडण झालं होतं. मी वाढत होते. हे म्हणाले, भाऊ, प्लँट बंद करा, तो व्हॉल्व्ह आता आठवडासुद्धा काढणार नाही. भाऊ म्हणाले, सीझनचे शेवटचे दिवस आहेत, काही होत नाही. हे ताट सारून उठले. ते ऐकणारी मी आणि आई. आई तर काही बोलणार नाही.”

“मग?”

“मग हे गेल्यावर दोन दिवसांनी भाऊंनी मला बोलावलं. म्हणाले, हेमा, साहेब येतील, विचारतील, तू काय सांगशील? मी म्हटलं, जे झालं ते सांगेन. ते नुसते बसून राहिले.” ती थांबली. “दुसऱ्या दिवशी आबाकाका माझी पत्रिका घेऊन आले.”

मी तिथेच बसले होते. मागच्या अंगणात आईने वाळत घातलेले कोकमाचे सोले उन्हात लाल झाले होते. ऊन एवढं की डोळे मिटावे लागत होते. इतके दिवस मी समजत होते की हे लोक अडाणी आहेत, घाबरलेले आहेत, दुःखाने वेडे झालेत. अडाणी कोणीच नव्हतं. आई कदाचित असेल. पण ज्याने मंगळ घरात बोलावून आणला होता, त्याला मंगळाबद्दल सगळं नीट ठाऊक होतं.

“आणि हे कळूनसुद्धा तू म्हणतेस, माझ्यामुळे झालं असेल तर?”

“दोन्ही वाटतं,” वहिनी म्हणाली. “तुला नाही कळणार. दिवसा कळतं की हे सगळं ढोंग आहे. मग अंधार पडला की वाटतं, इतके लोक म्हणतायत.”

गुरुजी दुपारी आले. उन्हातून चालत आले होते, सदरा पाठीला चिकटला होता. त्यांना पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि ते मुलीकडे बघून रडायला लागले. “आपलं नशीबच फुटकं, बाळा,” म्हणाले. “चल. आपल्या घरी चल.”

ओटीवर आबाकाका होते, भाऊ झोपाळ्यावर. आईने बॅग आणून उंबऱ्याशी ठेवली.

आबाकाका गुरुजींना समजावून सांगत होते, अगदी मऊ आवाजात. “तुमच्या मुलीला आम्ही काही वाईट बोलत नाही, गुरुजी. तिचा तरी काय दोष? ग्रहांपुढे कोणाचं चालतं? जयवंताचं आयुष्यच तेवढं होतं.”

मी दारात उभी होते. “आबाकाका, दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा.”

“काय?”

“दादाचं आयुष्यच तेवढं होतं, की वहिनीच्या मंगळाने त्याला खाल्लं? आयुष्य तेवढंच होतं तर मंगळाने काय केलं? मग हिला कशाला हाकलताय?”

“चित्रे, आत जा,” आई म्हणाली.

“नाही जाणार. आणि मंगळाने खाल्लं म्हणता, तर मग तो व्हॉल्व्ह गळत होता तो कोणाच्या पत्रिकेत होता?”

आबाकाकांचा चेहरा बदलला. त्यांनी भाऊंकडे पाहिलं. झोपाळा थांबला.

मी भाऊंसमोर जाऊन उभी राहिले. मला त्यांची भीती वाटायची. एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. पण त्या दिवशी भीती कुठे गेली कोण जाणे.

“भाऊ, तुम्ही मंगळ मानता?”

त्यांनी मान खाली घातली.

“माझ्याकडे बघून सांगा. लग्नाच्या वेळी काय म्हणाला होतात? मंगळाला दुसरं काम नाही का, म्हणाला होतात. सगळ्यांसमोर हसला होतात आबाकाकांना. आता मानायला लागलात? कधीपासून? साहेब सोमवारी येणार असं कळल्यापासून?”

“चित्रे!”

“सोमवारच्या आत हिला काढायची. म्हणजे जबाब द्यायला ही नाही. आणि उद्या राजापुरातून ही काही बोललीच, तर सासरच्यांनी टाकलेली बाई, राग काढतेय, असं म्हणायला तुम्ही मोकळे. हो ना?”

गुरुजींना काहीच कळत नव्हतं. ते एकदा माझ्याकडे, एकदा भाऊंकडे बघत होते. “कसला जबाब?” त्यांनी विचारलं.

भाऊ झोपाळ्यावरून उठले. हात उचलला त्यांनी. मला वाटलं आता मारणार. पण तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यांनी तो झोपाळ्याच्या कडीला धरला. आठवड्यात ते केवढे म्हातारे झाले होते ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दिसलं, आणि तरीही माझा राग तसूभर कमी झाला नाही.

“पोरगा गेला माझा,” ते म्हणाले. “माझा पोरगा गेलाय, कळतंय तुला? आता फॅक्टरीला कुलूप लागलं, मी तुरुंगात गेलो, तर तो परत येणार आहे? तू माझी मुलगी आहेस की त्या साहेबाची?”

“मी जयवंताची बहीण आहे.”

“आणि मी त्याचा बाप आहे! मला काय हवं होतं का असं? जाणूनबुजून मारलं का मी त्याला?”

“नाही. जाणूनबुजून नाही मारलंत. जाणूनबुजून थांबलात. आणि आता जाणूनबुजून हिच्यावर घालताय.”

बाहेर रस्त्यावरून मासळीचा टेंपो गेला. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली.

गुरुजी उठले. त्यांनी बॅग उचलली. “हेमा, चल बाळा. हे आपल्याला झेपणारं नाही. झालं ते झालं. देवाची मर्जी.”

वहिनी आतून आली. तिने वडिलांच्या हातातली बॅग घेतली, आणि मला वाटलं संपलं, निघाली ही. तिने ती बॅग माझ्याकडे दिली.

“आत ठेव,” म्हणाली. मग गुरुजींना म्हणाली, “बाबा, तुम्हीही राहा. सोमवारपर्यंत. मंगळवारी हवं तर आपण जाऊ.”

“अगं पण...”

“मी त्यांची बायको होते. त्यांच्याबद्दल कोणी विचारायला येणार असेल तर मी घरी असायला हवं.”

ते दोन दिवस आमच्या घरात चूल पेटत होती एवढंच. आई वहिनीच्या हातचं पाणी घेत नव्हती. आबाकाका आले नाहीत, पण त्यांच्या घरून जाणारी-येणारी माणसं आमच्या दारावरून जाताना थुंकून जात होती. कामगारांपैकी दोघे मागच्या दाराने येऊन मला भेटले. म्हणाले, ताई, आम्ही काही बोलू शकणार नाही, तुम्ही समजून घ्या. मी समजून घेतलं नाही. त्यांना पोटं होती हे खरं. पण त्या गळत्या व्हॉल्व्हला गोणपाट गुंडाळताना त्यांचेही हात होते, आणि मला त्या वेळी कोणालाच सोडायचं नव्हतं.

सोमवारी साहेब आले. सडपातळ, चष्मेवाले, फारसं न बोलणारे. सकाळभर ते फॅक्टरीत होते. दुपारी घरी आले आणि ओटीवर खुर्ची घेऊन बसले. बरोबरच्या माणसाने कागद काढले. कामगारांचे जबाब झाले होते. सगळ्यांचा एकच: अचानक स्फोट झाला, आधी काही जाणवलं नाही.

“तुम्ही मयतांच्या पत्नी,” साहेब वहिनीला म्हणाले. “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

वहिनी जमिनीवर बसली होती. गुरुजी तिच्या मागे. भाऊ झोपाळ्यावर, नजर खाली. आई दाराआड. मी खांबाला धरून उभी.

तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कार्यवृत्त वाचावं तसं. व्हॉल्व्ह कधीपासून गळत होता. गोणपाट. आदल्या रात्रीचं जेवण. दादा काय म्हणाला. भाऊ काय म्हणाले. शब्द न् शब्द. मी भाऊंकडे बघत होते आणि मला एक प्रकारचा आनंद होत होता, सांगायला वाईट वाटतं पण होत होता. प्रत्येक वाक्य मला हवं तिथे लागत होतं.

मग साहेबांनी विचारलं, “फॅक्टरीत गॅसचा मास्क नव्हता का?”

हो, हेही लिहा, असं मला झालं होतं. मास्कसुद्धा नव्हता.

“होता,” वहिनी म्हणाली.

“चालू स्थितीत?”

“हो. नवीन होता. त्यांनी स्वतःच भाऊंच्या मागे लागून आणवला होता. मशीनरूमच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला होता.”

“मग त्यांनी तो घातला नाही?”

“नाही. टॉवेल ओला करून तोंडाला बांधला आणि गेले.”

मी खांब सोडला. हे मला माहीत नव्हतं. हे कोणीच मला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी लिहिणाऱ्याला हाताने थांबवलं. “बाई, हे सांगितलंत तर मालकाची जबाबदारी कमी होते. तुम्हाला जी भरपाई मिळेल तीही कमी होईल. तुम्हाला समजतंय ना?”

“समजतंय.”

“ते नेहमीच असं करायचे?”

“छोटी गळती झाली की हो. मास्क घालायला वेळ लागतो, म्हणायचे. मी कितीदा सांगितलं. हसायचे.” इथे पहिल्यांदा तिचा आवाज अडखळला. “म्हणायचे, वेळ आली की मास्क घातलेला माणूसही जातो.”

कोणीतरी हुंदका दिला. आई असावी.

“सगळं लिहा,” वहिनी म्हणाली. “भाऊंनी केलं ते लिहा. यांनी केलं ते लिहा. कामगार काय करत होते ते लिहा. मला ऐकू येईल असं वाचून दाखवा आणि मग मी सही करते. एवढंच करा, यात ग्रह, नशीब, दैव असलं काही घालू नका.”

साहेब लिहिणाऱ्याकडे वळून म्हणाले, “लिहा.”

आणि तेव्हा झोपाळ्यावरून भाऊ बोलले. कोणी विचारलं नव्हतं त्यांना.

“ती सांगते ते खरं आहे,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. मला त्याने सांगितलं होतं. माझंही लिहा.”

खटला चालला. भाऊंना शिक्षा झाली, थोडी कैद, बाकी दंड. फॅक्टरीचा परवाना गेला आणि काही वर्षांनी ती जागा एका जाळी विकणाऱ्याने घेतली. बंदरातली कितीतरी माणसं बर्फाच्या कामाला मुकली आणि त्याचंही खापर त्यांनी वहिनीवर फोडलं. भाऊ सुटून आले ते पुष्कळ शांत होऊन आले. माझ्याशी बोलायचे, थोडं थोडं. मी त्यांना माफ केलं असं लोक समजतात. मी केलं नाही, ते गेले तेव्हाही नाही. त्यांनी खरं सांगितलं त्याचं मला मोल आहे, पण एक विधवा पोरगी समोर असताना तिच्या डोक्यावर आपलं पाप ठेवायला जो माणूस चार दिवस तयार होता, तोही तोच होता. आई शेवटपर्यंत मंगळच म्हणत राहिली. वहिनी दुसऱ्या तालुक्यातल्या सोसायटीत नोकरीला लागली. पस्तिशीच्या आसपास तिने एका विधुराशी लग्न केलं. तो अजून आहे. धडधाकट आहे, रोज तिच्याशी भांडतो, आणि माझ्याकडे तिच्या तक्रारी घेऊन येतो.

मला अजून जी गोष्ट झोपू देत नाही ती या सगळ्यातली नाही. ती सोमवारची संध्याकाळ आहे. साहेब निघून गेले होते. वहिनी घरात नव्हती. गुरुजी घाबरले, म्हणाले, बघ गं जरा. मी धावत फॅक्टरीकडे गेले.

ती मशीनरूमच्या बंद दारासमोर उभी होती. दाराला पोलिसांचं सील होतं. सूर्य अजून पाण्यावर होता, जेटीवर माणसं होती, बोटी परतत होत्या. तिला कशाचीच पर्वा नव्हती. ती दारावर दोन्ही हातांनी मारत होती, सगळ्या ताकदीनिशी, आणि ओरडत होती. माणसांसमोर ती दादाला नेहमी “हे” म्हणायची. त्या दिवशी सगळ्या बंदराने तिला त्याला नावाने हाक मारताना ऐकलं.

“जया! कोणासाठी गेलास? आत होतं कोण? कोणीसुद्धा नव्हतं आत! बर्फ होता नुसता! वितळू द्यायचा होता! समुद्रात जाऊ द्यायचा होता सगळा!”

मी जवळ गेले. तिला धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. कारण तेच माझ्याही तोंडात आलं होतं. आठवडाभर मी भाऊंवर, आबाकाकांवर, आईवर, सगळ्या बंदरावर चिडले होते. आणि त्या सगळ्यांच्या मागे, ज्याच्यावर चिडायची माझी हिंमत होत नव्हती, तो माझा हसरा दादा होता. हात लांब केला असता तर हाताला लागला असता तो मास्क.

मीसुद्धा दारावर मारायला लागले. जेटीवरची माणसं बघत होती. आम्ही दोघी मारत होतो, हात सोलवटले तरी मारत होतो.

मग वहिनी दमली. तिने कपाळ दाराला टेकलं. आवाज बसला होता तिचा.

“वेळ आली नव्हती रे,” ती त्या दाराला म्हणाली. “वेळ आली नव्हती. तू गेलास.”